कॅन्सर तर बरा झाला, मग हे काय?



गेल्या अंकात परीक्षेच्या दिवसांत मुलांशी घरात कसे बोलावे, यावर लिहिले होते. त्यावर तुमची पत्रे आली, शुक्रिया. या महिन्याचा विषय थोडा जड आहे. पण तो माझ्या वर्गातूनच आला आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती आधी सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे नाव मी लिहिणार नाही, गावही लिहिणार नाही. तिच्या अम्मींनी लिहायची इजाजत दिली ती याच अटीवर. पाच वर्षांची असताना तिला सारखा ताप येऊ लागला. चेहरा पांढरा पडला, अंगावर मार न लागता निळे डाग उठू लागले, पाय दुखतात म्हणून रात्री रडायची. रक्त तपासले आणि डॉक्टरांनी थेट मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा जो प्रकार आहे, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, तोच. अब्बू कुवेतची नोकरी सोडून आले. अम्मी मुलीला घेऊन मुंबईत राहिल्या. अडीच वर्षे उपचार चालले. केस गेले, परत आले. अल्हम्दुलिल्लाह, मुलगी वाचली. दोन वर्षे उशिरा शाळेत बसली, पण आज उर्दू आणि मराठी दोन्ही वाचनात तिचा हात धरणारे वर्गात कोणी नाही.

दरवर्षी ती तपासणीला मुंबईला जाते. या वर्षी तिच्या रक्तात एसजीपीटी वाढलेले निघाले. यकृताला, म्हणजे लिव्हरला सूज असली की हा आकडा वाढतो. डॉक्टरांनी महिन्याने पुन्हा तपासले, तरी वाढलेलाच. मग विषाणूंच्या चाचण्या केल्या आणि हिपॅटायटिस सी निघाला. अम्मी ती फाईल घेऊन मधल्या सुट्टीत माझ्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, कॅन्सर तर बरा झाला, मग हे काय?"

मी त्यांना धीर दिला. पाणी दिले. "काही काळजी करू नका," म्हटले. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर त्या मुलीला दुसऱ्या बाकावरून उठवून खिडकीजवळच्या एकट्या बाकावर बसवले. "तिथे हवा चांगली येते," असे कारण दिले. पाण्याच्या माठावरचा पेला वापरू नकोस, घरून बाटली आण, असेही हळूच सांगितले. ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाहिले तर ती डबाही एकटीच खात होती. मुलांना काही सांगावे लागत नाही. शिक्षकाचे हात कुठे थांबतात, ते मुले बरोबर पाहतात.

त्या संध्याकाळी मी आमच्या तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. मनात होते, वर्गातल्या बाकीच्या मुलांसाठी काय खबरदारी घ्यावी ते विचारावे. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, त्या मुलीला तिच्या जागेवर परत बसवा. हा आजार पेल्यातून पसरत नाही. रक्तातून पसरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला तिच्या बाकावर बसवले आणि एकटीला बोलावून म्हटले, "बेटा, माझी चूक झाली." तिने मान हलवली. म्हणाली, "टीचर, हॉस्पिटलमध्ये पण सगळे मास्क लावून बोलायचे. मला सवय आहे."

बारा वर्षांच्या मुलीने असे म्हणावे, याची मला आजही लाज वाटते. बीएड झालेली, वीस वर्षे मुलांना शिकवणारी मी. मला इतकी साधी गोष्ट माहीत नव्हती. मग मी डॉक्टरांकडून समजून घेतले, वाचले, विचारले. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

कॅन्सर झालेल्या मुलांनाच हा धोका का?

ल्युकेमियाची औषधे कॅन्सरच्या पेशी मारतात, पण हाडांच्या मज्जेत तयार होणाऱ्या चांगल्या पेशींनाही सोडत नाहीत. हिमोग्लोबिन उतरते, प्लेटलेट्स उतरतात. म्हणून या मुलांना उपचारांच्या काळात वारंवार रक्त आणि प्लेटलेट्स द्याव्या लागतात. एकेका मुलाच्या अंगात कितीतरी अनोळखी माणसांचे रक्त जाते. त्यावर ते मूल जगते, हे आधी लक्षात ठेवू या. शिवाय सुया, सलाईन, पाठीच्या कण्यातले इंजेक्शन हे सारखे चालूच असते. त्याच वेळी औषधांमुळे मुलाची प्रतिकारशक्ती झोपलेली असते. अशा वेळी रक्तातून पसरणारा विषाणू आत शिरला, तर शरीर त्याला ओळखून हाकलू शकत नाही. तो सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला की डॉक्टर त्याला दीर्घकालीन, म्हणजे क्रॉनिक हिपॅटायटिस म्हणतात.

आपल्याकडे पावसाळ्यात गावात जी कावीळ पसरते, ती बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई. ती घाण पाण्यातून येते, डोळे पिवळे होतात आणि बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. बी आणि सी वेगळे. ते रक्तातून येतात, वर्षानुवर्षे राहतात आणि बहुतेक वेळा डोळे पिवळे होतच नाहीत. मूल खेळते, खाते, शाळेत जाते आणि आत यकृत हळूहळू कडक होत राहते. अनेक वर्षांनी त्यातून सिरॉसिस होऊ शकतो, यकृताचा कॅन्सरही होऊ शकतो. जे मूल एका कॅन्सरमधून वाचले, त्याच्यापुढे दुसरा कॅन्सर उभा राहू नये, म्हणून याचा उपचार करायचा.

ल्युकेमियातून वाचलेल्या मुलाच्या यकृताने आधीच पुष्कळ सोसलेले असते. मेथोट्रेक्सेट आणि सहा-मर्कॅप्टोप्युरिन ही ल्युकेमियाची नेहमीची औषधे यकृताला त्रास देतात. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठते, तेही यकृतातच जाऊन बसते. त्यावर विषाणूची भर नको. आणखी एक अडचण अशी, की औषधे चालू असताना एसजीपीटी वाढले तर सगळ्यांना वाटते, औषधांमुळेच असेल. विषाणू त्यामागे लपून राहतो. प्रतिकारशक्ती कमी असताना नेहमीची अँटिबॉडी चाचणीही कधी कधी निगेटिव्ह येते. म्हणून अशा मुलांत शंका असेल तर थेट विषाणू शोधणारी आरएनए चाचणी करावी लागते.

दोष कुणाचा?

अम्मींचा पहिला प्रश्न हाच होता. रक्त कुणी दिले, कुठल्या बाटलीतून आले? मुंबईच्या डॉक्टरांनी आधी अम्मींचेही रक्त तपासायला लावले, कारण सी विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाकडेही जातो. असे १०० पैकी साधारण ५ बाळांत होते. अम्मींची चाचणी निगेटिव्ह आली. मग डॉक्टर म्हणाले, "कुठून आला हे आता कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. रक्तातून असेल, सुईतून असेल, आणखी कुठून असेल. तुम्ही मागे बघू नका, पुढचा रस्ता बघा."

हिपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ साली. त्यावर काम करणाऱ्या हार्वे ऑल्टर, मायकेल हाऊटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल मिळाले. म्हणजे त्याआधी जगात कुठेही रक्तात हा विषाणू तपासताच येत नव्हता. अमेरिकेत आणि इटलीत त्या काळात ल्युकेमियातून वाचलेली कितीतरी मुले मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांच्या रक्तात सी सापडला. म्हणूनच आज अमेरिकेत १९९३ पूर्वी रक्त घेतलेल्या, बालपणी कॅन्सर झालेल्या प्रत्येकाने एकदा ही चाचणी करावी असा नियम सांगितला जातो. आपल्याकडे रक्तपेढ्यांत सी ची चाचणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. आज प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासली जाते. तरीही रक्तदात्याला अगदी नुकतीच लागण झाली असेल, तर काही दिवस ती साध्या चाचणीत दिसत नाही. नॅट नावाची चाचणी हा काळ बराच कमी करते, पण शून्य करत नाही.

म्हणून मी पालकांना सांगते, भीतीने रक्त नाकारू नका. रक्त न मिळाल्याने मूल आज दगावेल, ते आधी पाहायचे. मागे राहिलेला विषाणू असलाच, तर तो शोधता येतो आणि त्याच्यावर औषध आहे.

सी साठी तीन महिन्यांच्या गोळ्या

औषध आहे, हे वाक्य लिहायला किती सोपे आहे. पंधरा वर्षांपूर्वी ते इतके सोपे नव्हते.

तेव्हा उपचार होता इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. सहा महिने, कधी वर्षभर. प्रत्येक इंजेक्शनानंतर ताप, अंगदुखी. भूक जायची, मुलांचे वजन वाढायचे थांबायचे, मन उदास व्हायचे. आणि रक्तातल्या पेशी कमी व्हायच्या. जे मूल रक्ताच्या कॅन्सरमधून नुकतेच उठले आहे, त्याच्या पेशी पुन्हा कमी झालेल्या पाहून आईबापाचे काय होत असेल, विचार करा. तरीही डॉक्टरांनी ल्युकेमियातून बरे झालेल्या मुलांना हा उपचार दिला, कारण दुसरा नव्हता. एवढे सोसूनही कितीतरी मुलांचा विषाणू जात नसे. आपल्या देशात जास्त आढळणारा प्रकार, जीनोटाइप ३, त्याला थोडा बरा दाद देई, एवढेच.

२०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर नावाच्या गोळीला मान्यता मिळाली आणि सगळे बदलले. ही गोळी विषाणूला स्वतःच्या नकला काढू देत नाही. तिच्यासोबत वेल्पाटासव्हिर किंवा डॅक्लाटासव्हिर अशी दुसरी गोळी देतात. रोज एकदा, तोंडाने, बहुतेकांना १२ आठवडे. १०० पैकी ९५ पेक्षा जास्त रुग्णांचा विषाणू कायमचा जातो. सुरुवातीला अमेरिकेत एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत उतरली. आधी मोठ्यांना, मग २०१७ पासून १२ वर्षांवरील मुलांना आणि नंतर ३ वर्षांवरील मुलांनाही अशा गोळ्या देण्यास मान्यता मिळत गेली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ३ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी त्यांची शिफारस केली. मूल मोठे होईपर्यंत थांबायचे कारण आता उरलेले नाही.

आपल्या सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी या दोन्हींच्या चाचण्या आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊन विचारा. लहान मुलाचा डोस वयावर आणि वजनावर ठरतो, त्यामुळे मुलांना बहुधा मोठ्या केंद्रात पाठवतात. पण दारावरूनच परत फिरू नका. कुणाला कर्ज काढायची, दागिने मोडायची गरज नाही.

आमच्या मुलीचे उपचार याच योजनेतून झाले. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली. फायब्रोस्कॅन केला, त्यात पोटावर यंत्र टेकवून यकृत किती कडक झाले ते मोजतात, दुखत नाही. हिपॅटायटिस बी आहे का तेही तपासले, कारण दोन्ही असतील तर सी च्या गोळ्या चालू असताना बी डोके वर काढू शकतो. दुसरी कुठली औषधे चालू आहेत ते विचारले. टीबीचे रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधे या गोळ्यांचा परिणाम घालवतात. पित्ताच्या गोळ्याही वेल्पाटासव्हिरच्या आड येतात. तेव्हा ॲसिडिटीची साधी गोळीसुद्धा विचारूनच घ्यायची.

गोळ्या शाबानमध्ये सुरू झाल्या आणि मध्ये रमजान आला. मुलीला रोजे ठेवायचे होते. डॉक्टर म्हणाले, वाढते अंग आहे, हे तीन महिने पाणी आणि जेवण वेळेवर पाहिजे. मशिदीच्या इमामसाहेबांनीही सांगितले, आजाऱ्याला सवलत आहे, डॉक्टरांचे ऐका. ती हिरमुसली. मग अम्मींनी युक्ती काढली. गोळीची वेळ मगरिबची ठेवली. सगळे खजुराने रोजा सोडत, तेव्हा ती गोळी घेई. एकही दिवस चुकला नाही.

घरातल्या आणि बाहेरच्या गोष्टी

दादींना मात्र गोळ्यांवर भरवसा नव्हता. लिव्हरचा आजार म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हटले की गावचे औषध. कुणी माळ घालायला सांगितले, कुणी हाताला चुना लावून पिवळे पाणी काढून दाखवतो म्हणाले, कुणी मनगटावर डाग द्यायला सांगितले. पाला वाटून पिणे तर आलेच. माझी हात जोडून विनंती आहे, असल्या गोष्टी या मुलांच्या बाबतीत करू नका. चुन्याने पाणी पिवळे होते ते निरोगी माणसाचेही होते. आणि कोणत्या पाल्यात काय आहे हे कुणाला माहीत नसते. थकलेल्या यकृताला तोच पाला धोका देऊ शकतो. दुआ जरूर करा, सदका द्या. पण गोळी बंद करू नका.

दादींची दुसरी काळजी वेगळी होती. एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, मुलीची जात आहे. उद्या हे कुणाला कळलं तर स्थळ कोण देईल?" मी म्हटले, "दादी, लपवलं आणि उपचार केले नाहीत, तर उद्या आजार घेऊन ती सासरी जाईल. उपचार केले, तर बरी होऊन जाईल." त्या गप्प बसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गोळी झाली का, हे त्याच विचारू लागल्या.

मग पालक सभेत एक आई उठल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "त्या मुलीला काही लागणारा आजार आहे असं ऐकलं. आमच्या मुलांचं काय?" मी मुलीचे नाव घेतले नाही. कुणाला कोणता आजार आहे हे सांगायचा हक्क मला नाही. एवढेच म्हटले, की माझ्या वर्गात कुणाच्याही शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, हात मिळवल्याने, गळाभेट घेतल्याने बी किंवा सी होत नाही. होतो तो रक्तातून. म्हणून खेळताना कुणालाही लागले, तर ते रक्त उघड्या हाताने पुसायचे नाही, हातमोजे घालायचे. हा नियम शाळेत सर्व मुलांसाठी आहे.

घरासाठीही काही नियम आहेत आणि ते आजारी नसलेल्या घरांनाही तितकेच लागू आहेत. दात घासायचा ब्रश, दाढीचे ब्लेड, नखे काढायचे नेलकटर ज्याचे त्याने वापरावे. कान टोचायला प्रत्येक वेळी नवी सुई हवी. खतना डॉक्टरकडे, निर्जंतुक साधनांनीच करावी. हिजामा करून घेणाऱ्यांनी ब्लेड आपल्या समोर नवे उघडायला लावावे. हज-उमराहला जाणाऱ्यांनी डोके मुंडवताना ब्लेड नवे आहे का, ते पाहावे. गल्लीतल्या डॉक्टरने इंजेक्शन दिले, तर सिरिंज तुमच्यासमोर फोडली का ते विचारा. विचारायला लाजू नका.

बी ची गोष्ट वेगळी

काही ल्युकेमिया झालेल्या मुलांत सी ऐवजी हिपॅटायटिस बी सापडतो. वर्गात समजावते तसे सांगते. सी हा फळ्यावरचा खडू आहे, डस्टर फिरवला की पुसला जातो. बी वहीतल्या शाईसारखा. यकृताच्या पेशींच्या गाभ्यात तो आपली खूण ठेवतो, ती आजच्या औषधांनी सहसा पुसली जात नाही. पण त्याला दाबून ठेवता येते. एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी. कुणाला ती कधी सुरू करायची, हे एसजीपीटी, विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. प्रत्येक मुलाला लगेच गोळ्या लागतातच असे नाही. काहींना फक्त नियमित तपासणी पुरते. पण एकदा सुरू झालेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही. अचानक बंद केली, तर विषाणू उसळतो आणि यकृत एकदम बिघडू शकते.

कॅन्सरची औषधे किंवा स्टिरॉइड चालू असताना शांत बसलेला बी जागा होतो. म्हणून ल्युकेमियाचा उपचार सुरू करतानाच बी ची तपासणी करतात आणि तो असेल तर बी ची गोळी आधीपासून देतात. आपल्या मुलाची ही तपासणी झाली का, हे पालकांनी विचारावे.

बी साठी लस आहे, सी साठी नाही. बी ची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत आणि मग ६, १० व १४ आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत देतात. जन्माच्या वेळी लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० बाळांत बी कायमचा राहतो, मोठ्यांत मात्र १०० पैकी ५ जणांतही राहत नाही. म्हणून तो पहिल्या दिवसाचा डोस चुकवू नका. आणखी एक, कॅन्सरच्या औषधांनी जुन्या लसींचे संरक्षण पुसले जाऊ शकते. उपचार संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून लसी पुन्हा घ्याव्या लागतात. मुलाच्या घरातल्या सर्वांनीही बी ची लस घेतलेली असावी.

तपासणी सोडू नका

कॅन्सरचा उपचार संपला की आईबापाला वाटते, आता त्या हॉस्पिटलची पायरी नको. मन समजते मला. पण तपासणी सुरू ठेवल्यामुळेच या मुलीचा आजार यकृत बिघडायच्या आत सापडला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते, ती याचसाठी. तुमचे मूल जिथे बरे झाले, तिथे वर्षातून एकदा नक्की जा. जुनी फाईल, औषधांची यादी, किती वेळा रक्त चढवले याची नोंद जपून ठेवा. मूल मोठे होऊन नोकरीला किंवा सासरी गेले, तरी ती फाईल त्याच्यासोबत जाऊ द्या.

आमच्या मुलीच्या गोळ्या संपल्या. त्यानंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करतात आणि तेव्हा विषाणू सापडला नाही, तर तो गेला असे मानतात. अहवाल घेऊन अम्मी शाळेत आल्या, या वेळी मात्र खुर्चीवर बसल्या. विषाणू नाही. एसजीपीटी नॉर्मल. एक गोष्ट डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा: सी ची अँटिबॉडी चाचणी यापुढे जन्मभर पॉझिटिव्हच येईल. ती जुन्या लढाईची खूण आहे, आजार नव्हे. उद्या कुणी त्या अहवालावरून घाबरवले, तर आरएनएचा अहवाल दाखवायचा. आणि सी एकदा जाऊन पुन्हाही होऊ शकतो, म्हणून ब्लेड-सुईची काळजी कायमची.

सभेत बोललेल्या त्या आईंबद्दलही सांगायचे राहिले. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात या मुलीने मोहल्ल्यात इफ्तारीच्या थाळ्या वाटल्या. फळे तिने स्वतः कापली होती. त्यांच्या दारात गेली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. मग थाळी घेतली, तिथेच उभ्या राहून मुलाच्या हातात फळाची फोड दिली आणि स्वतःही एक तोंडात घातली. मुलीने दुसऱ्या दिवशी मला हे सांगितले. तिने ते लक्षात ठेवले होते, जसे खिडकीजवळचा बाकही तिच्या लक्षात असेल.

शेवटी एक विनंती. या मुलांना रक्त लागते ते आकाशातून पडत नाही. पैसे घेऊन रक्त देण्यावर आपल्या देशात १९९८ पासून बंदी आहे. कारण पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो. जे रक्त मनापासून, नियमित, निरोगी माणसाने दिलेले असते, ते सर्वांत सुरक्षित. ईद-ए-मिलादला आपल्याकडे कितीतरी ठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. या वर्षी तुमच्या मोहल्ल्यात झाले तर जा. अर्ज भरताना खरे सांगा. कधी कावीळ झाली असेल, नुकतेच गोंदवून घेतले असेल, तर तेही लिहा. तुमची ती पिशवी कुठल्या तरी पाच वर्षांच्या मुलीच्या हाताला लागणार आहे.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.